ऑटोकॅडमध्ये अनेक घटक एकदम बदलताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी आमचे ऑफिस ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या प्रोग्रॅमवर पाइपिंगची लेआउट ड्रॉइंग तयार करते. रेषा, वर्तुळ, मजकूर असा एकेक घटक उघडून दुरुस्त करण्याची जुनी सवय गेल्या काही महिन्यांत मी ठरवून सोडली. बदल क्षणात होतो, वेळ जातो तो नेमकी निवड करण्यात, असे माझे आता ठाम मत आहे.

सर्वाधिक उपयोग प्रॉपर्टीज पॅलेटचा, म्हणजे घटकांचे गुणधर्म दाखवणाऱ्या चौकटीचा झाला. कंट्रोल आणि १ दाबून ती उघडली, की निवडलेल्या सर्व घटकांचे सामाईक गुणधर्म तेवढे दिसतात आणि वरच्या यादीत रेषा किती, वर्तुळे किती, मजकूर किती याची प्रकारवार मोजणी मिळते. यादीतून नुसत्या रेषा निवडल्यास पुढचा बदल रेषांपुरताच राहतो. एखाद्या गुणधर्माची मूल्ये वेगवेगळी असतील तेथे ‘व्हेरीज’ असे लिहून येते. त्या रकान्यात काहीही टाइप केले की सर्वांचे मूल्य एकच होते. बाहेरून आलेल्या सर्वेक्षणाच्या ड्रॉइंगमध्ये रेषांची टोके निरनिराळ्या उंचीवर असतात आणि त्यामुळे फिलेट (दोन रेषा कोपऱ्यात जोडणारी कमांड) बसत नाही; अशा वेळी स्टार्ट झेड आणि एंड झेड या दोन्ही रकान्यांत ० घातले की प्रश्न मिटतो. पॉलिलाइनसाठी (अनेक तुकड्यांच्या सलग रेषेसाठी) मात्र एलिव्हेशनचा, म्हणजे उंचीचा रकाना पाहावा लागतो. प्रत्येकाच्या आहे त्या उंचीत ५० मिलिमीटरची भर घालायची असेल, तर हा मार्ग चालत नाही, तेथे मूव्ह कमांडच वापरावी.

२०११ च्या आवृत्तीपासून असलेली सिलेक्ट सिमिलर ही एका घटकासारखे बाकीचे घटक निवडून देणारी सोय वेगवान आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मूळ मांडणीत ती लेअर (घटक गटवार ठेवण्याचा थर) आणि नाव यांवरून समानता ठरवते आणि पडद्याबाहेरचे घटकही उचलते, त्यामुळे कोपऱ्यातील लेजंडमध्ये (चिन्हांच्या सूचीत) नमुन्यादाखल ठेवलेला व्हॉल्व्हसुद्धा निवडीत येतो. तो शिफ्ट धरून क्लिक करून वगळावा लागतो. आमच्याकडील नवीन मुले नेमके हेच विसरतात. अधिक काटेकोर अटींसाठी क्विक सिलेक्ट ही अट देऊन निवड करण्याची सोय बरी. त्यात एका वेळी एकच अट देता येते, तरी चालू निवडीत भर घालण्याची सोय असल्याने काम निभते. त्याआधी पाया आणि खांब यांचे लेअर लॉक करून ठेवावेत, म्हणजे चुकूनही त्यांना धक्का लागत नाही.

ब्लॉक (एकदा तयार करून अनेक ठिकाणी बसवायचे चिन्ह) आणि त्यातील ॲट्रिब्यूट (चिन्हासोबतचा माहितीचा मजकूर, म्हणजे टॅग) यांचे प्रकरण वेगळे आहे. व्हॉल्व्हच्या ब्लॉकच्या व्याख्येत नवा ॲट्रिब्यूट घातला, तरी आधी बसवलेल्या व्हॉल्व्हना तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी ॲटसिंक ही बसवलेले ब्लॉक नव्या व्याख्येशी जुळवणारी कमांड चालवावी लागते. ती चालवल्यावर पाइपच्या रेषांवर येऊ नयेत म्हणून हाताने सरकवलेले टॅग मूळ जागी परततात. टॅगची मांडणी म्हणूनच आम्ही ॲटसिंकनंतर, अगदी शेवटी करतो.