केंद्रकं मोजायचा होलोग्राफिक मायक्रोस्कोप: सात-आठ महिन्यांनंतर (आणि त्या पंख्याबद्दल)

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, परत लिहीत नाही. ऑफ-ॲक्सिस (संदर्भाचा किरण थोडा तिरका पाडणारा), ६३३ नॅनोमीटरचा लेझर, पेशीतून वेगळ्या काढलेल्या केंद्रकांचा अपवर्तनांक (आत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) आणि ड्राय मास (पाणी वगळून उरलेलं वजन) काढायला घेतलेला. कंपनीचं नाव घेत नाही कारण वाद अजून मिटलेला नाही.

वाद कंट्रोलर बॉक्समधल्या पंख्याचा आहे. बॉक्सची केबल जेमतेम मीटरभर, म्हणून तो मायक्रोस्कोपच्याच टेबलावर ठेवावा लागतो आणि पंखा सुरू झाला की फ्रिंजेस (दोन किरण मिळून पडणारे उजळ-काळे पट्टे) थरथरतात. आता हिशोब बघा, दहा मायक्रॉनचं केंद्रक, बाहेरच्या बफरपेक्षा अपवर्तनांक ०.०२ ने जास्त, म्हणजे ऐन मध्यावर फेज (केंद्रकातून जाताना प्रकाशलहर किती मागे पडली ते) येते साधारण २ रेडियन, त्यात ०.१ रेडियन पंख्यानेच खाल्लं की ५ टक्के गेले, आणि दोन सॅम्पलमधला आपल्याला हवा असलेला फरक कित्येकदा तेवढाच असतो! सर्व्हिस इंजिनियर आला, म्हणाला साइटचा प्रॉब्लेम, बिल्डिंग हलते. मी त्याच्यासमोर पंख्याची पिन काढली, फ्रिंजेस जागच्या जागी थांबल्या, तरी रिपोर्टवर साइट व्हायब्रेशनच लिहून गेला. लांब केबलचं कोटेशन मागवलं तर तेवढ्यात वर्षभराचं मीडियम आणि सीरम आलं असतं. शेवटी स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून टेबलावर ठेवली, तिच्यावर जाड लोखंडी प्लेट, प्लेटवर बॉक्स. थरथर बरीच कमी झाली. पण इतक्या महागड्या मशीनला हे आपण का करायचं?

सॉफ्टवेअरबद्दल मात्र माझं मत बदललंय. ट्रिप्सिनने (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) सुटवलेल्या गोल हेला पेशींपेक्षा (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) नुसत्या केंद्रकांचा अपवर्तनांक कमी येत होता, आणि डीएनएने भरलेली जागा विरळ कशी, म्हणून लॅबमध्ये सगळ्यांनी सॉफ्टवेअरवर संशय घेतला. मग ५ मायक्रॉनचे पॉलिस्टायरिनचे मणी इमर्शन तेलात टाकून बघितले, त्यांचा अपवर्तनांक १.५९ बरोबर आला. (पाण्यात टाकू नका, फेज २π च्या पलीकडे जाते आणि पूर्ण फेरे मोजून खरी फेज काढणारं अनरॅपिंग गंडतं.) त्यानंतर ड्रेस्डेनच्या योखेन गुक यांच्या गटाचा २०१६ चा पेपर वाचला, त्यांनाही केंद्रकाचा अपवर्तनांक आणि घनता सायटोप्लाझमपेक्षा (केंद्रकाबाहेरचं पेशीद्रव्य) कमीच मिळालेली. डिटर्जंटने केंद्रकं काढताना थोडी प्रथिनं गळतात हे खरं, पण दिशा तीच. आणि विचार केला तर पटतंही, कारण माणसाच्या साध्या पेशीत डीएनए असतो सुमारे साडेसहा पिकोग्रॅम, हेलात गुणसूत्रं जास्त म्हणून थोडा वाढेल, पण वरच्या दहा मायक्रॉनच्या केंद्रकाचा ड्राय मास ५०-६० पिकोग्रॅम निघतो, म्हणजे बहुतेक वजन प्रथिनांचंच.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो मॅग्नेशियमच्या प्रयोगाने. बफरमधून मॅग्नेशियम काढलं की केंद्रकं फुगतात, अपवर्तनांक उतरतो, पण एकूण ड्राय मास जवळपास तिथेच राहतो. ना डाय, ना फिक्सिंग, तेच केंद्रक डोळ्यासमोर फुगतंय आणि वजन हलत नाही, हे बघायला मी बाकीच्या पोरांना हाका मारून बोलावलं होतं. होएक्स्ट (डीएनएला चिकटून चमकणारा डाय) लावून हे दिसलं नसतं, ते फक्त डीएनए दाखवतं.

एक लक्षात ठेवा, फेजमध्ये जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही गुंतलेले असतात. सॉफ्टवेअर केंद्रक गोल धरून व्यासावरून जाडी ठरवतं, त्यामुळे काचेला चिकटून चपटी झालेली केंद्रकं आकडा बिघडवतात. कव्हरस्लिपला बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन, केंद्रकं चिकटू देत नाही) लावून घ्या, स्वस्तात काम होतं. ड्राय मासला मात्र जाडी लागत नाही, म्हणून माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

ऑप्टिक्सला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला एक. घेणार असाल तर तीन मीटरची केबल पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि इन्स्टॉलेशनच्या दिवशी पंखा चालू असताना रिकाम्या स्लाइडचा फेज नॉइज मोजून त्या आकड्यावर इंजिनियरची सही घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आमची वॉरंटी मार्चमध्ये संपतेय, पंखा बदलून दिल्याशिवाय एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) भरायची नाही असं सरांनी लेखी कळवलंय.