बॅटरीचे मशीन: किटमध्ये घ्यावे की सुटे?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझे ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि मच्छरजाळ्या तयार करून बसवण्याचे छोटे दुकान आहे. कापण्या-जोडण्याचे काम दुकानात होते, पण बसवण्याचे काम नेहमी दुसऱ्याच्या जागेवर, आणि बहुतेक वेळा अशा इमारतीत की जिथे फ्लॅटला अजून मीटरच लागलेला नसतो. तळमजल्यावर बिल्डरचे एकच तात्पुरते कनेक्शन असते, त्यावर फरशीवाल्याचा कटर आणि पाण्याची मोटार आधीच लागलेली असते, आणि चौथ्या मजल्यापर्यंत वायर ओढून आपण ड्रिलचे बटण दाबावे तोच खाली कोणीतरी आपली पिन काढून स्वतःची लावतो. या रोजच्या कटकटीला कंटाळून दोन वर्षांपूर्वी मी बॅटरीवरची मशिने घ्यायला सुरुवात केली. आज माझ्याकडे चार मशिने, चार चालू बॅटऱ्या, एक मेलेली बॅटरी आणि दोन चार्जर आहेत. त्यांतले काही किटमधून, म्हणजे मशीन, बॅटरी आणि चार्जर एकत्र असे आले, काही सुटे घेतले. हे परीक्षण त्या खरेदीचे आहे, एखाद्या मशिनचे नाही. म्हणून माझी मशिने कोणत्या कंपनीची आहेत हे मुद्दाम लिहीत नाही.

पहिली खरेदी लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात झाली. मी ड्रिल एका कंपनीचे आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू आवळायचे मशीन, दुसऱ्या कंपनीचे, असे दोन वेगवेगळ्या मशिनांचे भाव विचारत होतो. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी दोन्ही खोकी बाजूला सारली आणि म्हणाले, "मालक, मशीन कुठलंबी घ्या, पण बॅटरी एकाच घरची ठेवा. नायतर उद्या चार घरच्या चार बॅटऱ्या घेऊन हिंडत बसशीला." त्या वेळी मला ही विक्रीची युक्ती वाटली होती. आज मागे वळून पाहता त्या दुकानात मिळालेला सर्वांत किमती माल तोच होता, आणि त्याचे बिल झाले नाही.

हिशेब असा होता. हॅमर ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, १८ व्होल्टच्या २ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती साठा मावतो त्याचे हे माप) दोन बॅटऱ्या आणि चार्जर असे पेटीसह किट मला १६,५०० रुपयांना पडले. हेच सर्व सुटे घ्यायचे म्हटले तर नुसते ड्रिल ५,२००, नुसता ड्रायव्हर ५,६००, दोन बॅटऱ्या ६,८०० आणि चार्जर २,३००, म्हणजे एकूण १९,९०० रुपये होत होते. फरक ३,४०० रुपयांचा, म्हणजे बरोबर एका बॅटरीच्या किमतीएवढा. वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते: दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून ९,१०० रुपये होतात, तर दोन्ही मशिने मिळून १०,८००. ज्याला आपण ड्रिलची किंमत म्हणतो तिच्यातली जवळजवळ निम्मी रक्कम बॅटरी आणि चार्जरची असते. ज्याच्याकडे त्या कंपनीचे काहीच नाही, त्याने पहिल्यांदा सुटे मशीन घेण्यात काहीच अर्थ नाही, आणि ज्याच्याकडे पुरेशा बॅटऱ्या आहेत त्याने प्रत्येक नव्या मशिनबरोबर पुन्हा पुन्हा किट घेण्यातही नाही. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. मी फसलो तो "पुरेशा" या शब्दावर.

किटच्या खोक्यावर "दोन बॅटऱ्या" हे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्या किती अँपिअर-अवरच्या आहेत हे मात्र कोपऱ्यात शोधावे लागते. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. दोन अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा एवढेच पाच सेल असतात, तर चारच्या बॅटरीत बहुधा दहा, दोन-दोनच्या जोड्या करून बसवलेले. त्यामुळे मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ टिकते असे नाही; भार दोन सेलमध्ये वाटला जात असल्यामुळे ती जोरही जास्त देते आणि कमी तापते. ड्रिलला आणि ड्रायव्हरला लहान बॅटरी छान चालते, हाताला हलकीही लागते. खिडकीच्या चौकटीला विटेच्या भिंतीत सहा मिलिमीटरची भोके पाडून, गट्ट्या ठोकून, स्क्रू आवळून एका फ्लॅटचे काम दोन बॅटऱ्यांत आरामात उरकते.

या सुखाच्या भरात मी त्याच कंपनीचा चार इंची ग्राइंडर सुटा घेतला, ५,९०० रुपयांना. बॅटऱ्या तर आहेतच, मग किट कशाला, असा माझा साधा विचार होता. फुलेवाडीतल्या एका जुन्या घरात लोखंडी ग्रिल कापून खिडकी बसवायची होती. भाचा कापायला लागला. पहिली सळई झकास कापली, दुसरी कापताना चकतीचा आवाज खाली आला, आणि चौथ्या सळईच्या मध्यावर मशीन गप्प बसले. "मामा, बॅटरी उतरली." दुसरी लावली, तिचीही तीच गत. पहिली चार्जरवर चढवायला गेलो तर ती इतकी तापलेली की चार्जर चार्जच करेना, गार होईपर्यंत नुसता दिवा लुकलुकवत राहिला. मशिनात दोष काही नव्हता. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-तास. ग्राइंडरने लोखंडात सलग साडेचारशे वॅट खेचले तर ही शिदोरी पाच मिनिटांच्या आत संपते. हे गणित शाळकरी मुलालाही येईल, पण मी ते बिल भरल्यानंतर केले.

यानंतरची चूक मात्र माझ्याच चिकटपणाची. कंपनीच्या ४ अँपिअर-अवरच्या एका बॅटरीचा भाव ६,४०० रुपये ऐकून मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "सर्व मॉडेलना चालणारी, ६ अँपिअर-अवर" असे लिहिलेली बिननावाची बॅटरी २,१०० रुपयांना मागवली. हातात घेताच ती किटमधल्या लहान बॅटरीपेक्षा फारशी जड लागली नाही, तिथेच शंका यायला हवी होती, कारण तिप्पट साठा सांगणाऱ्या बॅटरीत सेलही जास्त असायला हवेत आणि सेलला वजन असते. तीन आठवडे ती चालली. मग एके दिवशी ग्राइंडर चालू असतानाच तिचे प्लास्टिक मऊ पडून फुगले आणि मशिनातून काढताना ती अडकून बसली. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे कळवले. बॅटरी पेटली नाही हे नशीब म्हणायचे. कोणत्या बॅटरीत सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट नीट आहे आणि कोणत्यात नुसते नावाला, हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून स्वस्त बॅटरीत वाचवलेले पैसे मी वाचवलेले धरत नाही.

अखेर दोन मोठ्या बॅटऱ्या घ्यायला पुन्हा लक्ष्मीपुरीत गेलो, तेव्हा त्याच काउंटरवर कळले की काही कंपन्या मशिनाशिवाय नुसत्या बॅटऱ्या आणि चार्जर असाही संच विकतात. सुटा हिशेब केला तर दोन बॅटऱ्यांचे १२,८०० रुपये होत होते. दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर असा संच १३,२०० ला मिळाला. म्हणजे दुसरा चार्जर ४०० रुपयांत पडला, आणि दुकानात एक व गाडीत एक असे दोन चार्जर असण्याचे सुख वेगळेच. या संचाची माहिती मला आधी असती तर मी पहिल्याच दिवशी हा संच आणि दोन सुटी मशिने घेतली असती. २४,००० रुपये लागले असते, पण लहान बॅटऱ्यांवर ग्राइंडर चालवण्याचा आणि त्या ऑनलाइन बॅटरीचा प्रसंगच आला नसता.

"एकाच घरची बॅटरी" म्हणताना घर कोणते, हेही नीट पाहावे लागते, कारण एकाच कंपनीत दोन चुली असतात. बॉशची निळी व्यावसायिक मशिने आणि हिरवी घरगुती मशिने दोन्ही १८ व्होल्टची असली तरी त्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. माकिताची १८ व्होल्टची मालिका वेगळी आणि ४० व्होल्टची वेगळी. शिवाय १८ व्होल्टमध्येसुद्धा स्वस्त 'जी' (G) मालिकेची बॅटरी मुख्य मालिकेच्या मशिनात चालत नाही. याच कंपनीच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'झेड' (Z) असेल तर बहुधा खोक्यात बॅटरी आणि चार्जर नसतात, हे ऑनलाइन भाव पाहून हुरळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. डीवॉल्टच्या खोक्यावरचे २० व्होल्ट हे इतरांच्या १८ पेक्षा जास्त नसतात. सेल तेच पाच. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजले तर २० च्या वर भरतात, चालू कामात १८ च्या आसपास. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून स्वस्तात किट मागवण्याचा बेत असेल, तर तिकडचा चार्जर १२० व्होल्टसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावला तर पहिल्याच दिवशी धूर काढेल.

मोठ्या किटबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. चार-पाच मशिनांच्या पेटीत दोन मशिने कामाची, एक क्वचित लागणारे आणि एक टॉर्च असतो, आणि त्या सगळ्यांना मिळून बॅटऱ्या मात्र दोनच. मशिनांच्या संख्येने भाव भागून "एक मशीन इतक्याला पडले" असे सांगतात, त्या भागाकारात टॉर्चही धरलेला असतो. पेटीचे मात्र मला कौतुक आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पावसाळ्यांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सखल भागातल्या आमच्या काही धंदेवाल्या मित्रांची मशिने पाण्यात गेली. एका हाताने उचलून माळ्यावर ठेवता येईल अशी पेटी असणे ही कोल्हापुरात चैन नाही. पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्जरला लावण्याचा मोह मात्र कोणी करू नये.

बिलाविषयी थोडे. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा मशिनच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असते, म्हणून बिलावर मशिनचा सिरियल नंबर आणि बॅटरीची नोंद दोन्ही करून घ्यावी. मशिनवर आणि बॅटरीवर जीएसटी १८ टक्केच आहे. नियमित नोंदणी असलेल्या धंद्याला तो आपल्या करातून वजा मिळतो, कंपोझिशनवाल्याला (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्याला) मिळत नाही, त्यामुळे शेजारच्या दुकानदाराने सांगितलेला भाव आणि आपल्याला पडणारा भाव यांची तुलना करताना हे विचारून घ्यावे. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची ही जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय लिथियमला घातक आहे. माझी एक लहान बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत तीन महिने पेटीत पडून राहिली, तेव्हा चार्जरने ती ओळखायलाच नकार दिला होता. सर्व्हिस सेंटरमध्ये ती कशीबशी जागी झाली. आता काम नसलेल्या बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर, गाडीच्या डिकीत नव्हे तर दुकानातल्या सावलीच्या फळीवर राहतात. फुगलेली ऑनलाइन बॅटरी मी भंगारवाल्याला दिली नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बिननावाच्या बॅटरीला उत्पादकच नसल्यामुळे ती वाळूच्या डब्यात बाहेर ठेवलेली आहे.

चौथे मशीन म्हणजे रोटरी हॅमर. साध्या हॅमर ड्रिलने विटेत भोक पाडताना लाल भुकटी भराभर पडते. बिट काँक्रीटच्या तुळईला लागला की भुकटी पांढुरकी होते, हातातले मशीन थरथरते आणि भोक पुढे सरकत नाही. पन्हाळ्यावर एका बंगल्याच्या काळ्या दगडाच्या भिंतीत चौकट बसवताना आम्ही असा अर्धा दिवस घालवला आणि दोन बिट जाळले. रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या प्रत्यक्ष ठोका देतो, त्यामुळे हाताने रेटावे लागत नाही. त्याचे किट २५,००० च्या पुढे सांगितले, नुसते मशीन ११,८०० ला मिळाले. या वेळी मी सुटेच घेतले, कारण फळीवर ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या होत्या. पन्हाळ्याची उरलेली तीन भोके त्याने पंधरा मिनिटांत पाडली, आणि भाचा दुसरी बॅटरी काढायला पेटीकडे गेलाच नाही.