वृद्धाश्रमात गरम पाणी: दर बाथरूमला एक गीझर की सगळ्यांना मिळून मोठी टाकी?

सकाळचे दोन तास डोळ्यांसमोर ठेवूनच हे ठरवा, बाकी दिवसभर काय कुठलीही सिस्टीम चालते. आजींना स्टुलावर बसवलंय, अंगभर साबण लावून झालाय आणि नळाला गार पाणी यायला लागलं की मावशी बादली घेऊन शेजारच्या बाथरूमकडे पळतात, तोवर आजी ओल्या अंगाने कुडकुडत बसलेल्या.

आधी हिशोब करू. २० जण, प्रत्येकी ३० लिटर ४० डिग्रीचं पाणी धरलं तर ६०० लिटर झालं. गार पाणी २० डिग्रीचं असेल तर त्यात निम्मं, म्हणजे ३०० लिटर, ६० डिग्रीचं लागतं. पण टाकीतलं शेवटचं पाणी गार होत जातं, त्यामुळे ४०० तरी धरा.

२५ लिटरच्या गीझरमधून एक आंघोळ आरामात होते, दुसरी कशीबशी, मग २ किलोवॅटच्या कॉईलला टाकी परत तापवायला अर्धा तास तरी लागतो. पाच गीझर एकदम लावले की १० किलोवॅट लोड, वायरिंग आधी दाखवून घ्या. फायदा एकच पण मोठा, एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात.

मोठ्या टाकीला हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) जोडला तर वीज साध्या कॉईलच्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी लागते. सोलरही चांगला, पण ढगाळ दिवसासाठी कॉईल हवीच. पाईप लांब असेल तर शेवटच्या खोलीत आधी बादलीभर गार पाणी वाया जातं, म्हणून पाणी फिरतं ठेवणारी रिंग लाईन आणि छोटा पंप पहिल्यापासूनच घ्या, मागाहून भिंती फोडाव्या लागतात. आणि ४०० ची एक टाकी नको, २०० च्या दोन घ्या, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी चालू राहते.

गॅस गीझरचं थोडक्यात, तो बाथरूमच्या आत कधीच नको, कारण गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडचा वास येत नाही.

आता भाजण्याचं. भीतीपोटी लोक टाकीच ४५ डिग्रीवर ठेवतात, ते चूक आहे, कारण लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जंतू २० ते ४५ मध्येच वाढतो. टाकी ६० लाच ठेवा आणि नळाजवळ थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार आपोआप मिसळून ठरलेल्या तापमानाचं पाणी सोडणारा) बसवून पाणी ४० च्या आसपास सोडा. ६० चं पाणी थेट अंगावर आलं तर पाचेक सेकंदांत भाजतं, म्हाताऱ्या पातळ कातडीला त्याहून लवकर, आणि डायबेटीसने पाय बधिर झालेल्या आजोबांना तर चटका कळतही नाही. दर बाथरूमला वेगळा गीझर असला तरी हा व्हॉल्व्ह लागतोच, दुकानदार सांगत नाहीत.

माझं मत, सात-आठ जणांपर्यंत वेगळे गीझर, त्यापुढे टाकी. काहीही घेतलं तरी बाथरूममध्ये थर्मामीटर टांगून ठेवा, कारण मावशींचा हात रोजच गरम पाण्यात असतो, तो ४५ लाही कोमटच म्हणतो.