बाटलीवर नाव लिहा हो डॉक्टर! बंड्याच्या होमिओपॅथीचा अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीपासून आमच्या कुत्र्याला, बंड्याला, होमिओपॅथी चालू होती. ऑगस्टात असा फजितवाडा झाला की हे लिहावंच लागलं. पुढं पोटेन्सी हा शब्द येईल, तो म्हणजे औषध किती वेळा पातळ केलंय त्याचा आकडा. बंड्या सहा वर्षांचा. आई उदगीरकडची पश्मी, म्हणजे लांब केसांची शिकारी जात, बाप आमच्याच गल्लीतला. मी लातूरला मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून देतो. हे उगं सांगत नाही, पुढं लागणार आहे.

सुरुवात फटाक्यांमुळं झाली. त्याच्या आदल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंड्यानं न्हाणीच्या दाराचा खालचा पत्रा नखांनी सोलून काढला होता, पंजे रक्तबंबाळ. जनावरांच्या डॉक्टरनं गुंगीची गोळी सुचवली, घरात कुणाला ती पटली नाही. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं होमिओपॅथीचे डॉक्टर सांगितले. माणसांचेच, पण कुत्र्या-मांजरालाही देतात.

पहिल्या भेटीचं कौतुक करायलाच पाहिजे. पाऊण तास नुसते प्रश्न. आवाजाच्या आधी थरथरतो का नंतर? लपतो का माणसाला चिकटतो? पाणी किती, गार लागतं का? झोपायला फरशी का गोणपाट? उठल्यावर लंगडतो का, आणि चार पावलं टाकली की मोकळा होतो का? निम्म्याची उत्तरं मला येईनात. सहा वर्षं कुत्रं दारात, आणि मी "बघून सांगतो" म्हणत परत आलो. आठवडाभर उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर टिपत बसलो, तेव्हा कळलं की सकाळी उठताना त्याचा मागचा डावा पाय आखडतोय.

औषध निवडताना डॉक्टर मोठ्यानं बोलत होते म्हणून मला नावं कळली. एकदम दचकून धसका घेणाऱ्याला ॲकोनाइट. ढग गडगडले की माणसाला चिकटणारा, गार पाणी मागणारा असेल तर फॉस्फरस. भीतीनं अंग कापतं, जुलाब होतात, त्याला जेल्सेमियम. पाय चालल्यावर मोकळा होतो म्हणून ऱ्हस टॉक्स. हलल्यानं दुखणं वाढलं असतं तर ब्रायोनिया. शेवटी हातात तीन बाटल्या आल्या. टोपणावर बॉलपेननं १, २, ३. बस, एवढंच.

घरी सांगितलं की ॲकोनाइट म्हणजे बचनाग. बायको उठलीच, "इख द्यायलाव का लेकराला?" मी समजावलं, शंभरात एक भाग असं तीस वेळा पातळ करतात, बारा-तेरा वेळा झालं की मूळ पदार्थाचा एक रेणू राहणंही मुश्कील. ती म्हणाली, "मग पैसे कशाचे घेतले?"

गोळ्या देण्याचा सोहळा वेगळाच. हात लावायचा नाही, टोपणात चार गोळ्या घ्यायच्या, ओठाची कड बाजूला ओढून गालात सोडायच्या. बंड्या दोन गिळतो, दोन जिभेनं बाहेर काढतो. मग त्या वाटीभर पाण्यात विरघळवून द्यायला लागलो, ते मात्र मिटक्या मारत पितो. साखरच ती. कापूर, कॉफी, कांदा जवळ नको म्हणाले. कांदा कुत्र्याला तसाही देऊ नये, त्यानं रक्त कमी होतं.

दिवाळीला कमाल झाली. पुढच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटत होते आणि हा मधल्या खोलीत पाय पसरून पडलेला. मी दुकानात येईल त्याला सांगत सुटलो. तीन गिऱ्हाइकं त्या डॉक्टरकडं पाठवली. तेव्हा लिहिलं असतं तर पाच चांदण्या दिल्या असत्या.

एप्रिलमध्ये चांदण्या गळायला लागल्या. संध्याकाळी वादळ, गारा, लाईट गेली. पाव-पाव तासानं तीन डोस दिले. बंड्या दिवाणाखाली शिरला आणि तिथंच मुतला. अंधारात टॉर्च धरून फरशी पुसताना डोक्यात प्रकाश पडला. दिवाळीला मधल्या खोलीत एक मोठा कूलर ट्रायलवर होता. गिऱ्हाइकाची मोटार भरली होती, ती चार तास फुल स्पीडवर चालवून बघत होतो. दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर अशी की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागत होतं. सुतळी बॉम्ब बंड्याच्या कानापर्यंत पोचलाच किती असेल? पायाचं म्हणाल तर थंडी सरली आणि आखडणं गेलं. त्याचं निम्मं श्रेय गोळीला देतो, निम्मं उन्हाला.

आता माझा खरा राग. टोपणावरचं बॉलपेन. कुत्र्याची लाळ, माझे ग्रीस लागलेले हात, दोन महिन्यांत १ चा आकडा गेला, ३ चा २ दिसायला लागला. पुढं आणखी दोन बाटल्या मिळाल्या, त्यांवर तेवढंही नव्हतं. माझ्या दुकानात अर्ध्या एचपीची मोटार आली तरी मी वायरचा गेज, टर्न, गिऱ्हाइकाचं नाव असं लिहून चिठ्ठी बांधतो. चिठ्ठी हरवली की मोटार कुणाची आणि भरायची कशी, दोन्ही प्रश्न. मेडिकलमधून सीलबंद बाटली घेतली तर तिच्यावर नाव, पोटेन्सी, बॅच सगळं छापलेलं असतं. मग दवाखान्यातूनच कोरी का मिळावी?

ऑगस्टात बंड्या मलूल झाला. जेवण बंद, अंग तापलेलं. डॉक्टरांनी फोनवर विचारून पाचवी बाटली दिली. आर्सेनिकम असावं, म्हणजे आपला सोमल. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली आणि मी खुश झालो. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी नाकातून रक्त आलं. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक.

तडक जनावरांच्या डॉक्टरकडं. पायाच्या बोटांमधून गोचीड काढली, रक्त तपासलं. कुत्र्याच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दोन लाखांच्या वर पाहिजेत, याच्या ३८ हजार. गोचीड चावल्यानं होणारा गोचीड ताप. त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय काय दिलंय? कुणी स्टिरॉइड, दुखण्याची गोळी?" मी खिशातून पाच बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक उचलून उजेडाकडं धरली. "यात काय आहे?" मला सांगता आलं नाही. पाच पांढऱ्या बाटल्या, सारख्याच गोळ्या. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तास-दीड तासावर, आणि मी दहा दिवस साखरपाणी पाजत बसलो होतो.

डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, २८ दिवस, भरल्या पोटी. तिसऱ्या दिवशी भाकरी-दूध संपवून ताटली चाटली. शिवाय भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवल्या, कारण गोचीड अंडी तिथंच घालते.

होमिओपॅथीच्या डॉक्टरकडं परत गेलो. भांडायलाच. तब्येतीचं राहू द्या, आधी नावं द्या म्हणालो. ते म्हणाले, "नाव सांगितलं की लोक स्वतःच आणून घेतात, मग दुखणं बिघडवून माझ्याकडं येतात." तेही खोटं नाही, माझ्यासारखे लोक तेच करतात. मी खिशातली चिकटपट्टी पुढं केली, "तुम्ही बोला, मी लिहितो." अर्धा तास हुज्जत झाली, पण पाचांपैकी चारांची नावं मिळाली. एक त्यांनाही ओळखता आली नाही.

हिशोब: अकरा महिन्यांत होमिओपॅथीवर २,९०० रुपये, गोचीड तापावर साडेचार हजार. भाच्यानं दाखवलं की ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं, होमिओपॅथी कुठल्याही आजारावर चालते असा भरवशाचा पुरावा नाही. ते माणसांबद्दल होतं, पण कुत्र्याचं वेगळं काय असणार? तरी त्या पाऊण तासाच्या प्रश्नांसाठी मी एक चांदणी ठेवतो. दुसरी नाही. आणि गल्लीत कुणीतरी रेबीजच्या लशीऐवजी थेंब मिळतात म्हणत होतं. तसलं काही ऐकू नका. बंड्याची लस मी एकदाही चुकवली नाही.

न ओळखलेली बाटली अजून खिडकीत आहे. टोपण ढिलं होतं, आत मुंग्या शिरल्या. दिवाळी तोंडावर आली. भंगारवाल्याकडून एक जुना कूलर सातशेला घेतलाय. बेअरिंग वाजतंय, पण तो आवाज ठेवावा का काढावा हे अजून ठरलेलं नाही. मोटार उद्या भरायला घेतो. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाच्या जागी बंड्याचं नाव लिहिलंय.