पाच वॅटचा ट्यूब अँप आणि एकच टोन नॉब: नागपूरची थंडी आणि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास हा गिटारचा अँप घरी आला, आता पाऊस सुरू झालाय. ऑर्डर देऊन हाताने बनवून घेतलेला आहे. सर्किट फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ५एफ२-ए प्रिन्स्टनवर बेतलेलं: सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७ ट्यूब, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) ५वाय३. नॉब दोनच, व्हॉल्यूम आणि टोन. छोटा ट्यूब अँप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो "किती वॅटचा?" माझं मत आता असं झालंय की पहिला प्रश्न टोनच्या सर्किटचा हवा.

तरी वॅटचं आधी सांगून टाकतो, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची तिथेच फसगत होते. ५० वॅटच्या जागी ५ वॅट आणले की आवाज फक्त १० डेसिबलने उतरतो, कानाला साधारण निम्मा वाटतो. दहावा हिस्सा मुळीच नाही. चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल देत असेल, तर पाच वॅटवर १०२ होतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एकदा जिन्यात म्हणाले, "पाच वॅटचा तर आमच्या बाथरूमातला बल्ब असते, अन् तुझं हे काहून एवढं वाजते रे?" त्यांचं बरोबरच आहे. प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये व्हॉल्यूम ६ वर नेऊन वाजवायचं तर दुपारीच, आणि खिडक्या लावून.

आता टोनचा नॉब. खरी गंमत इथे आहे. दिसायला एकच नॉब, पण तो दोन कामं करतो. डावीकडे फिरवला की एका कंडेन्सरवाटे ट्रेबल (तार सूर) ग्राउंडला जातो, म्हणजे कापला जातो. उजवीकडे फिरवला की ५०० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरला) वळसा घालून ट्रेबल थेट पुढे पोचवतो. याचा परिणाम असा की टोन किती उजळेल हे व्हॉल्यूम कुठे आहे त्यावर ठरतं. व्हॉल्यूम ३ वर असताना टोन ५ वरून ८ वर नेला तर टेलीचा (टेलिकास्टर गिटारचा) ब्रिज पिकअप, म्हणजे ब्रिजजवळचा तारांचा आवाज पकडणारा भाग, कानात टोचायला लागतो. तोच व्हॉल्यूम ७ वर नेला की टोन ८ आणि १० यांत मला काही फरक ऐकू येत नाही, कारण पॉट जवळपास पूर्ण उघडा असतो आणि वळसा घालून जायला उरतंच काय? नवीन घेणाऱ्याला वाटेल की नॉब बिघडला. बिघडलेला नसतो, सर्किटच तसं आहे.

म्हणून हे दोन नॉब मी कधीच वेगवेगळे लावत नाही. आधी व्हॉल्यूम हवा त्या जागी, मग टोन. रात्री हळू आवाजात जमवलेला टोन दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात जसाच्या तसा चालत नाही, कारण हळू आवाजात आपल्या कानांना खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय.

बासचा नॉब नाही, याची उणीव मात्र जाणवते. ७ च्या पुढे हंबकरवाल्या (दुहेरी कॉइलच्या पिकअपच्या) गिटारवर जाड तारा ढिल्या, लिबलिबीत वाटतात. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की बरंच आवरतं. नेक (मानेजवळचा) पिकअप तारांपासून खाली केल्यावर आणखी आवरलं.

मित्राकडे ट्रेबल, मिड, बास असे तीन नॉब असलेला छोटा बुटीक अँप आहे. महिनाभर अदलाबदल करून वाजवले. तीन नॉब म्हणजे जास्त टोन, असं वाटणं साहजिक आहे. पण ते पॅसिव्ह जाळं काहीच वाढवत नाही, फक्त कापतं. तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी ४००-५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा असतोच आणि एकूण सिग्नलही बराच खाल्ला जातो. शिवाय तिन्ही एकमेकांत गुंतलेले, एक हलवला की बाकीच्यांचं वागणं बदलतं. बास-ट्रेबल शून्यावर आणि मिड पूर्ण, असं केलं की आवाज जवळजवळ सपाट होतो. तेव्हा त्याचा अँप माझ्यासारखा भरीव वाजायला लागला, पण जोर कमी. फेंडरनेही १९६४ मध्ये चॅम्प या आपल्या छोट्या अँपला ट्रेबल-बास दिले आणि तो अँप स्वच्छ, चकचकीत झाला. ज्याला तसा आवाज हवा त्याने तीन नॉबवालाच घ्यावा. मला ब्लूज वाजवताना तो मधला भाग हवाच असतो, तिथेच गिटार बोलते.

आणखी एक टोन कंट्रोल आहे, तो पट्टीवर दिसत नाही: पहिली ट्यूब. १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावली. १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, १२एवाय७ चा ४५ च्या आसपास. ब्रेकअप (आवाज फाटायला लागणं) उशिरा येऊ लागला आणि तो ढिला बासही घट्ट झाला. फेंडरच्या मूळच्या ट्वीड डिलक्स अँपमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७च असायची. अँप बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर हे कुणालाही जमेल. चेसिस मात्र उघडू नका. आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये टिकून राहू शकतात.

नागपूरकरांसाठी वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यात एकट्या ५वाय३ चा फिलामेंट ५ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे १० वॅट नुसती उष्णता टाकतो. उष्णतेत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून अँपची पाठ भिंतीपासून हातभर लांब ठेवली. कूलर चालू असला की सिंगल कॉइल पिकअपमध्ये गुणगुण येते. गिटार धरून जागेवर वळलं की एका कोनात ती जवळपास मरते, मी खुर्ची त्याच कोनात लावलीय. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप लावू नका, घरघर असह्य होते. रात्री उशिरा आमच्याकडे व्होल्टेज २४५ च्या वर जातं, आणि त्या प्रमाणात ट्यूबवरचं व्होल्टेजही चढतं. स्टॅबिलायझर लावल्यापासून ६व्ही६ ची काळजी मिटली. ऑर्डर देताना ट्रान्सफॉर्मरला २४० व्होल्टचा टॅप (वेगळी जोडणी) मागून घ्या. अमेरिकेचा ११७-१२० व्होल्टवाला जुना अँप स्टेप-डाउनवर चालतो, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला चालणारा आहे ना, हे आधी विचारा.

ड्रमरसोबत स्वच्छ आवाज हवा असेल तर हा अँप पुरत नाही. लक्ष्मीनगरला सरावाच्या हॉलवर मी त्याला माइक लावतो, किंवा घरच्या आठ इंची स्पीकरऐवजी बारा इंची कॅबिनेट जोडतो. ओहम जुळवून घ्यायचे, आणि स्पीकर न जोडता अँप कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बारा इंचीवर तोच टोन नॉब एक घर खाली ठेवावा लागतो.