निन्जा ३०० बाईकवाल्यांनो, १६ एमएमचा मॅग्नेटिक प्लग सॉकेट घ्याच

निन्जा ३०० चे दोन्ही स्पार्क प्लग टाकीखाली इतके खोल बसलेत की साधा प्लगपाना तिथे जातच नाही. आधीच्या सॉकेटचं रबर प्लगला चिकटून आतच राहिलं होतं, अर्धा तास चिमट्याने काढत बसलो. हा नवा सॉकेट बाहेरून बारीक आहे नि आत चुंबक, जुना प्लग अलगद वर आला, टोक छान बदामी, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय, बघून खरंच बरं वाटलं! नवे सीआर८ई प्लग आधी हातानेच फिरवले, आटे नीट पकडल्यावरच टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावला. आणि हो, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढायच्या आधी हवा मारा, नाहीतर खड्ड्यातली माती सरळ सिलिंडरमध्ये. सॉकेटसोबतचा एक्स्टेन्शन (जोडदांडा) मात्र आखूड आहे, लांब वेगळा घ्यावा लागला.