घासून चमकवायचं की रेझिनचा थर द्यायचा? रोज हाताळायच्या पॉलिमर क्लेच्या वस्तूंसाठी

मी गळ्यातले दागिने फारसे करत नाही. पॉलिमर क्लेच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीच्या, माझ्याकडे होतात त्या रोज हाताळायच्या वस्तू: व्हेपच्या (इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या) उपकरणावर चढणारी कव्हरं, ती उभी ठेवायचे स्टँड, पेनाच्या नळ्या, किल्ल्यांचे लोलक. ओव्हनमधून निघालेला तुकडा गार झाला की यातल्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न येतो. वॉटर पेपरने (ओल्याने वापरायच्या पॉलिश कागदाने) घासून कापडाच्या चाकावर बफ करायचा, म्हणजे चमकवायचा, की यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, थर देऊन दिव्याखाली ठेवायचा? मी दोन्ही रस्ते बरेच चाललो आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण दागिने किंवा शोभेच्या वस्तू करणाऱ्याचा निवाडा वेगळा असू शकतो, हे आधीच सांगतो.

रेझिनची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्या नजरेत तेच जिंकतं. पारदर्शक क्लेचे पातळ पापुद्रे एकावर एक बसवून केलेली नक्षी रेझिनखाली ओली झाल्यासारखी खोल दिसते. पृष्ठभागावर अभ्रकाची पूड लावली असेल किंवा धातूचा वर्ख बसवला असेल, तर घासायचा प्रश्नच येत नाही. वॉटर पेपर पहिल्या दोन हातांतच ती पूड घेऊन जाईल. खोल ठसे असलेल्या पोताचंही तेच, खाचांत कागद पोचत नाही. अशा कामाला रेझिन किंवा पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निश याशिवाय मला तरी चांगला पर्याय सापडलेला नाही. वेळही कमी लागतो. पातळ थर दिव्याखाली काही मिनिटांत कडक होतो, तर एक कव्हर नीट घासायला माझा तासभर सहज जातो.

वार्निशचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. नेलपॉलिश आणि डब्यातले बरेचसे स्प्रे क्लेवर वापरू नयेत. त्यांतल्या द्रावकाची क्लेमधल्या प्लास्टिसायझरशी (क्ले मऊ ठेवणाऱ्या घटकाशी) गाठ पडते आणि वस्तू चिकट होते. कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी, आणि तो चिकटपणा मग जात नाही. पाण्याचं पॉलियुरेथेन असं करत नाही, पण सतत हातात असलेल्या वस्तूवर ते घासून उतरतं.

आता घासणं. माझा कागदाच्या नंबरांचा क्रम ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असा असतो; नंबर वाढेल तसा कागद बारीक होतो. सगळं पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून. पाण्यामुळे कागद चोंदत नाही आणि धूळ नाकात जात नाही. नवीन माणूस बहुतेक वेळा ४०० वर घाई करतो आणि वरच्या नंबरांवर रेंगाळतो. व्हायला हवं उलट. बोटांचे ठसे, उंचवटे, सांध्याची रेघ हे सगळं ४०० वरच संपलं पाहिजे. तिथे राहिलेला ओरखडा २००० ने जात नाही, उलट चकाकीत तो जास्त उठून दिसतो. दर नंबरला घासायची दिशा बदलली की आधीचे आडवे ओरखडे लगेच नजरेत येतात. आणि तपासताना तुकडा पूर्ण कोरडा करून खिडकीकडे तिरका धरायचा. ओल्या तुकड्यावर पाणी ओरखडे भरून काढतं आणि सगळंच गुळगुळीत भासतं. ही एक सवय लागली तेव्हापासून बफिंगनंतर पुन्हा ४०० वर परतायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

बफिंगला सुती कापडाचं मऊ चाक, हलका हात, आणि तुकडा सतत हलता. एका जागी दाबून धरलात तर घर्षणाने क्ले तापते, तिथला पृष्ठभाग ओघळल्यासारखा होतो आणि पुन्हा खालच्या नंबरापासून सुरुवात करावी लागते. चाक नसेल तर जीन्सच्या जुन्या कापडावर हातानेच घासा. काचेसारखी चमक येणार नाही, पण रेशमी झाक येते. पेनांसाठी मला ती जास्त आवडते.

दोन्ही रस्त्यांना एक अट सारखीच आहे: तुकडा पुरता भाजलेला हवा. क्लेच्या ब्रँडांपैकी फिमोच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअस असतं, प्रीमोच्या पाकिटावर १३०, आणि साधारण सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास धरतात. मी वेळ त्याहून जास्त देतो, तापमान मात्र वाढवत नाही. ओव्हनच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवतो. कमी भाजलेली क्ले कागदाखाली चुरा सोडते आणि रेझिनखाली वाकून तडकते.

कव्हर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. क्ले उपकरणावर चढवून ओव्हनमध्ये घालू नका, आत लिथियमची बॅटरी असते. त्याच मापाच्या धातूच्या नळीवर कागद गुंडाळून त्यावर कव्हर भाजायचं आणि गार झाल्यावर सरकवून काढायचं. उपकरणाची हवेची भोकं उघडी ठेवायची. तोंडात धरायचा भाग क्लेचा करायचाच नाही, मग त्यावर थर कसलाही असो. ही क्ले मुळात पीव्हीसी प्लास्टिक आहे, ती ओठांसाठी आणि उष्णतेसाठी बनलेली नाही.

आता माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट: काठ.

रेझिन ओलं असताना काठावर टिकत नाही. पृष्ठताणामुळे ते धारेपासून मागे सरकतं आणि मधे फुगतं. मधला भाग छान घुमटासारखा दिसतो, पण नेमक्या धारेवर थर कागदाइतका पातळ उरतो. भिंतीवरच्या वस्तूला त्याने काही बिघडत नाही. कव्हरचा वरचा काठ मात्र अंगठ्याखाली येतो, दिवसातून कितीतरी वेळा खिशात घासतो, किल्ल्यांवर आपटतो. शिवाय भाजलेली क्ले थोडी लवते आणि रेझिन तितकं लवत नाही. माझ्या स्वतःच्या वापरातल्या कव्हरवर दोनेक महिन्यांत काठाशी नखाच्या चंद्रासारखा पांढुरका डाग दिसायला लागला. थर तिथे क्लेपासून सुटला होता आणि खाली हवा शिरली होती. मग त्यात खिशातला मळ शिरला. मी सुईने थेंब सोडून तो भरून पाहिला, तर शेजारी नवा चंद्र उगवला. पुढच्या तुकड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ६०० ने खरवडून मग थर दिला. तो जास्त टिकला, पण सुटला तोही काठावरूनच.

आणि सुटला की इलाज नाही, हे मला जास्त टोचलं. सगळा थर घासून काढायचा तर तासभर घासणं आलंच, म्हणजे जे टाळायला रेझिन आणलं होतं तेच. बफ केलेल्या कव्हरलाही ओरखडे पडतात, नाही असं नाही. पण तिथे चमक क्लेचीच असते, सुटून यायला वर काही नसतंच. १५०० आणि २००० चा हात फिरवला, चाकावर धरलं, की पाच-सात मिनिटांत तुकडा पूर्ववत होतो. माझं सगळ्यात जुनं बफ केलेलं पेन मी तीनदा असं उजळलं आहे. मधल्या काळात बोटांच्या वापरानेच ते आणखी गुळगुळीत होत जातं. रेझिनच्या गुळगुळीतपणात घामेजल्या हाताला एक चिकट ओढ जाणवते, ती इथे नाही. हे माझ्या हाताचं म्हणणं आहे, तुमच्या हाताला कदाचित वेगळं वाटेल.

रेझिनची आणखी एक बाजू तोलताना धरावी. न जमलेलं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर अॅक्रिलेटची अॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा कायमची राहते. नायट्रिलचे हातमोजे, उघडी खिडकी, आणि दिव्याखालून काढल्यावर वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसणं यात कंटाळा करू नये. घासण्यात बोटं सुरकुततात आणि खांदा भरून येतो, पण धोका म्हणावा असं फारसं काही नाही.

तेव्हा तुमच्या नक्षीत अभ्रक किंवा वर्ख नसेल, पृष्ठभाग सपाट किंवा गोल असेल आणि वस्तू रोज हातात राहणार असेल, तर मी घासायला बसेन. वर्ख असेल तर रेझिन घ्यावंच लागेल. त्या वेळी निदान धार भाजायच्या आधीच बोटाने गोल करून घ्या. रेझिनचा एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ द्या, आणि दुसरा थर काठावर थांबवू नका, आतल्या बाजूला दोन मिलिमीटर वळवून घ्या. उपकरणावर चढवताना ती आतली कड घट्ट होते, म्हणून कव्हरचं माप सुरुवातीलाच किंचित सैल ठेवा.